आपण ताशी २२ लाख किलोमीटरने कुठे चाललोय? गॅलेक्सींच्या नकाशावरून स्वतः काढून बघा

खान्देशात एप्रिल-मे मध्ये रात्री घरात झोपणं म्हणजे शिक्षाच, त्यामुळे निम्मं गाव गच्चीवर असतं, आणि वर आडवं पडलं की कोणीतरी विचारतंच की पृथ्वी फिरते, सूर्य फिरतो, मग ही आख्खी आकाशगंगा पण कुठे जातेय का? जातेय भो. आणि कुठे जातेय, किती स्पीडने, हे आजूबाजूच्या गॅलेक्सी कशा पसरल्यात त्यावरून बऱ्यापैकी काढता येतं, तेही घरच्या लॅपटॉपवर. हा लेख त्यासाठीच. अकरावीतली ट्रिग्नॉमेट्री थोडीफार आठवत असेल आणि एक्सेल किंवा गूगल शीट उघडता येत असेल तर झालं, टेलिस्कोप लागत नाही.

स्टेप १: आधी ठरवा, स्पीड कशाच्या तुलनेत

नवीन माणूस इथेच अडकतो. जळगाव-धुळे २१ अंश अक्षांशावर आहे, तर पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे आपला स्पीड ताशी साधारण १५६० किमी. सूर्याभोवती फिरण्याचा सेकंदाला ३० किमी. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो तो सेकंदाला २३० किमीच्या आसपास. हे सगळं खरं, पण प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीच्या तुलनेत आहे. सगळ्यांसाठी एकच मोजपट्टी पाहिजे तर ती म्हणजे सीएमबी, म्हणजे विश्व अगदी लहान आणि तापलेलं होतं तेव्हापासून सगळीकडे भरून राहिलेलं मायक्रोवेव्ह रेडिएशन. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन या दोघांनी ते सापडल्याचं जाहीर केलं. आज त्याचं तापमान २.७२५ केल्विन.

हे रेडिएशन सगळ्या बाजूंनी जवळजवळ सारखं येतं, पण एका बाजूला ते ०.००३३६ केल्विनने गरम लागतं आणि बरोबर विरुद्ध बाजूला तितकंच थंड. कारण साधं डॉप्लर आहे, आपण ज्या बाजूला चाललोय तिकडचा उजेड थोडा जास्त एनर्जीने येतो. याला डायपोल म्हणतात. १९७७ मध्ये जॉर्ज स्मूट आणि सोबतच्यांनी यू-२ विमानात उपकरण बसवून हा नीट मोजला, पुढे कोबे आणि प्लँक या सॅटेलाइट्सनी तो एकदम पक्का केला.

पहिला हिशोब इथेच करून टाका. ०.००३३६ भागिले २.७२५, गुणिले प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किमी. उत्तर साधारण ३७०. म्हणजे सूर्य (आणि त्याच्यासोबत आपण सगळे) सीएमबीच्या तुलनेत सेकंदाला ३७० किमीने चाललाय.

एक गोष्ट मिक्स करू नका. विश्व पसरतंय म्हणून लांबच्या गॅलेक्सी दूर जाताना दिसतात, ती गोष्ट वेगळी. इथे आपण त्या पसरण्याच्या वरचा, स्वतःचा असा जो वेग आहे त्याबद्दल बोलतोय. इंग्रजीत त्याला पेक्युलियर व्हेलॉसिटी म्हणतात, तोच शब्द वापरा, सर्च करायला सोपं जातं.

स्टेप २: सूर्याचा वेग बाजूला काढा

३७० हा सूर्याचा आकडा झाला. पण सूर्य तर आकाशगंगेत गोल फिरतोय, ते फिरणं आपल्याला नकोय. आपल्याला पाहिजे लोकल ग्रुपचा वेग, म्हणजे आकाशगंगा, देवयानी आणि भोवतीच्या बारक्या गॅलेक्सी मिळून जो जथा आहे त्याचा. त्यासाठी व्हेक्टर वजाबाकी करायची आणि ही स्टेप प्लीज हाताने करा, नुसती वाचू नका, कारण पुढची सगळी मजा यावर उभी आहे.

आकाशातली दिशा गॅलेक्टिक रेखांश (एल) आणि अक्षांश (बी) मध्ये लिहायची, म्हणजे आकाशगंगेचा पट्टा शून्य अक्षांश आणि तिच्या केंद्राची दिशा शून्य रेखांश धरून. वेग व्ही असेल तर
एक्स = व्ही × कॉस बी × कॉस एल
वाय = व्ही × कॉस बी × साइन एल
झेड = व्ही × साइन बी

सूर्य सीएमबीच्या तुलनेत: व्ही ३६९.८, एल २६४.०, बी ४८.३. यातून एक्स −२६, वाय −२४५, झेड २७६.
सूर्य लोकल ग्रुपच्या तुलनेत: व्ही २९९, एल ९८.४, बी −५.९. यातून एक्स −४३, वाय २९४, झेड −३१.
पहिल्यातून दुसरा वजा करा: १७, −५३९, ३०७.

तिघांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. ६२० किमी सेकंदाला. ३६०० ने गुणा, ताशी २२ लाखाच्या वर जातं. दिशा येते एल २७२, बी ३०, म्हणजे वासुकी तारकासमूहात.

आता इथे प्रश्न पडलाच पाहिजे की सूर्य ३७० आणि त्याचा आख्खा जथा ६२०, हे कसं? जथ्यातला माणूस जथ्यापेक्षा हळू कसा? वाय कॉलम बघा. लोकल ग्रुप जिकडे चाललाय त्याच्या जवळपास उलट दिशेला सूर्य सध्या आकाशगंगेत फिरतोय, म्हणून त्याचा निव्वळ वेग कमी पडतो. अजून १०-११ कोटी वर्षांनी सूर्य अर्धी चक्कर मारून पलीकडे गेला की हाच आकडा ६२० पेक्षा मोठा असेल.

एक्सेलवाल्यांनी दोन गोष्टी सांभाळा. कोन आधी रेडियनमध्ये करा नाहीतर उत्तर काहीच्या काही येईल. आणि दिशा परत काढताना एटॅन२ फंक्शनमध्ये एक्सेल आधी एक्स घेतं मग वाय, पायथॉनमध्ये बरोबर उलटं आहे. निगेटिव्ह कोन आला तर ३६० मिळवा.

स्टेप ३: मग ओढतंय कोण?

आजूबाजूला माल सारखा पसरलेला असता तर सगळ्या बाजूंनी सारखीच ओढ, निव्वळ शून्य. पण गॅलेक्सी अशा सारख्या नाहीतच, कुठे घट्ट झुंबड, कुठे लांबलचक पट्टे, कुठे कोट्यवधी प्रकाशवर्षं काहीच नाही. जिकडे जास्त माल तिकडे ओढ जास्त, आणि जिकडे पोकळी तिकडून ओढच कमी, म्हणून आपण पोकळीपासून दूर ढकलल्यासारखे सरकतो. अशी ओढ १३८० कोटी वर्षं साधारण एकाच दिशेला चालू राहिली की आजचा वेग तयार होतो. वेगाची दिशा आणि ओढीची दिशा जवळपास एकच, हे या विषयातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे.

आता यातली युक्ती बघा, मला तर ही फार आवडते. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाप्रमाणे कमी होतं, आणि उजेड पण अंतराच्या वर्गाप्रमाणेच कमी होतो! म्हणजे एखाद्या गॅलेक्सीचा उजेड तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात आहे असं धरलं (अगदी खरं नाही, पण चालतं) तर ती आपल्याला दिसते किती ठळक आणि ओढते किती जोरात, हे एकमेकांच्या प्रमाणात येतं. अंतर माहीत असायची गरजच उरत नाही. आकाशातल्या सगळ्या गॅलेक्सींचा उजेड दिशेसकट बेरीज करा, जिकडे झुकेल तिकडे ओढ.

स्टेप ४: कॅटलॉग उतरवा आणि बेरीज करा

नवीन लोकांनी २मास रेडशिफ्ट सर्व्हे घ्यावा. २०१२ मध्ये आलेला, सुमारे ४३,५०० गॅलेक्सी, आकाशाचा ९१ टक्के भाग. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या व्हिझियर साईटवर फुकट मिळतो. हा इन्फ्रारेडमध्ये बनवलाय म्हणून भारी, कारण इन्फ्रारेडला धूळ कमी अडवते आणि म्हाताऱ्या ताऱ्यांचा उजेड नीट मिळतो, म्हणजे वस्तुमानाचा अंदाज जरा बरा येतो. त्यातले चारच कॉलम ठेवा: एल, बी, के बँडची (इन्फ्रारेडमधली) मॅग्निट्यूड, म्हणजे ठळकपणाचा आकडा, आणि रेडशिफ्टवाला वेग, म्हणजे उजेड लालकडे किती सरकलाय त्यावरून काढलेला गॅलेक्सीचा दूर जाण्याचा वेग. बाकीचे उडवा.

मॅग्निट्यूडवरून उजेड काढायला १० चा घात (−०.४ × मॅग्निट्यूड). मग वरचीच एक्स-वाय-झेडची तीन सूत्रं, फक्त व्हीच्या जागी उजेड. ४३ हजार ओळी ओढून फॉर्म्युला खाली न्या, तिन्ही कॉलमची बेरीज घ्या, दिशा काढा आणि एल २७२, बी ३० शी तुलना करा. जुना लॅपटॉप असेल तर एक मिनिट हँग होईल, घाबरू नका.

पण त्याआधी साफसफाई.

लोकल ग्रुपमधल्या गॅलेक्सी काढून टाका, कारण देवयानी इतकी ठळक आहे की ती एकटीच सगळी बेरीज खेचून नेते, आणि आपल्याला तर सगळ्या जथ्याला बाहेरून कोण ओढतंय ते बघायचंय. काढताना नावाने शोधून काढा. बरेच जण निगेटिव्ह वेग दिसला की जवळची समजून ओळ डिलीट करतात, तसं करू नका, कन्या समूहातल्या काही गॅलेक्सी पण आपल्याकडे येताना दिसतात, एम८६ त्यातलीच, ५ कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडे असून.

दुसरं म्हणजे आकाशगंगेचा पट्टा. आपल्याच गॅलेक्सीची धूळ आणि ताऱ्यांची गर्दी यामुळे बी −५ ते +५ हा पट्टा कॅटलॉगमध्ये मोकळा आहे, केंद्राच्या बाजूला तर ८ अंशांपर्यंत. मोकळा आहे म्हणून तिथे गॅलेक्सी नाहीत असं नाही. सोपा उपाय, पट्ट्याच्या लगेच वरच्या आणि खालच्या गॅलेक्सींची कॉपी करून आत भरा आणि भरण्याआधीचं व नंतरचं उत्तर दोन्ही लिहून ठेवा, किती फरक पडतो ते कळेल. याच पट्ट्याला झोन ऑफ अव्हॉयडन्स म्हणतात आणि नशीब बघा, सगळ्यात महत्त्वाचा माल नेमका त्याच्याच कडेला आहे.

उत्तर बरोबर २७२-३० येणार नाही, आलं तर उलट मला शंका येईल. यातल्या तज्ज्ञ लोकांनी याच सर्व्हेच्या आधीच्या आवृत्तीवर २००६ मध्ये काम केलं तेव्हा सुमारे २३ कोटी प्रकाशवर्षांपर्यंतचा माल धरून फरक १२ अंशांपर्यंत खाली आला, आणि त्याच्या पुढचं धरत गेलं तर परत वाढला. जवळच्या दोन-चार ठळक गॅलेक्सी काढल्या-घातल्या तरी दिशा हलते. तुमचं उत्तर २०-२५ अंशांच्या आत आलं तरी छातीठोक सांगा की जमलं.

दिशा अशी फुकटात मिळते पण वेगाचा आकडा मिळत नाही. त्यासाठी विश्वात एकूण द्रव्य किती आणि गॅलेक्सी त्या द्रव्याचा किती खरा नकाशा आहेत हे दोन्ही लागतं, कारण बहुतेक माल डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं द्रव्य आहे. म्हणून संशोधक उलटं करतात, ६२० तर सीएमबीने आधीच दिलाय, मग तो आकडा आणि उजेडाची बेरीज जुळवून द्रव्याची घनता काढायची. १९८३ च्या आयरास सॅटेलाइटचा डेटा आल्यावर हाच उद्योग जोरात चालला होता.

स्टेप ५: थर थर करून बघा

आता रेडशिफ्टवाला कॉलम कामाला येतो. सेकंदाला १००० किमीपर्यंतच्या गॅलेक्सींची बेरीज, मग २०००, मग ३०००, असं करत ग्राफ काढा. वेग भागिले ७० केलं की मेगापार्सेक, ते गुणिले ३२.६ केलं की लाख प्रकाशवर्षं. म्हणजे ३००० चा थर १४ कोटी प्रकाशवर्षांवर. जवळच्या थरांवर फार विश्वास ठेवू नका, तिथे गॅलेक्सीचा स्वतःचा वेगच इतका असतो की अंतर चुकतं.

ग्राफमध्ये जिथे जिथे उडी दिसेल तिथे कोणीतरी बसलेलं आहे. ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर कन्या समूह. पुढे नरतुरंग समूह. मग २२ कोटीवर नॉर्मा समूह, ज्याच्या आजूबाजूच्या भागाला ग्रेट अट्रॅक्टर म्हणतात. १९८० च्या दशकात सात खगोलशास्त्रज्ञांच्या टीमला (त्यांना सेव्हन सामुराय म्हणायचे) दिसलं की आपण एकटेच नाही तर आजूबाजूच्या कितीतरी गॅलेक्सी त्याच बाजूला सरकताय. यूट्यूबवर ग्रेट अट्रॅक्टर म्हणजे राक्षस, आपल्याला गिळणार वगैरे भरपूर मिळेल, ते सोडा, तो गॅलेक्सींचा दाट भाग आहे, धुळीच्या पट्ट्यामागे अर्धवट लपलेला.

त्याच्याही मागे ६५ कोटी प्रकाशवर्षांवर शॅपली सुपरक्लस्टर, म्हणजे गॅलेक्सींच्या समूहांचा मोठा समूह. तो १९८९ मध्ये ज्यांनी दाखवून दिला त्यात सोमक रायचौधुरी होते, तेव्हा केंब्रिजला पीएचडी करत होते, पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संचालक झाले. त्यांच्याच टीमने २०१७ मध्ये सरस्वती सुपरक्लस्टर जाहीर केला. बातम्या आठवत असतील. नवीन पोरं विचारतात की मग सरस्वती पण आपल्याला ओढतो का? तो ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे, आपल्या हिशोबात त्याचा वाटा नगण्य, तो दुसऱ्याच कारणासाठी भारी आहे.

उलट बाजूला ययाति-मीन सुपरक्लस्टर आहे, तो आपल्याला मागे ओढतो. आणि शेजारची मोठी पोकळी, लोकल व्हॉइड. ब्रेंट टली यांच्या टीमने २००८ मध्ये आपल्या वेगाची फोड केली ती अशी: पोकळीपासून दूर सेकंदाला २५९ किमी, कन्या समूहाकडे १८५, आणि त्यापुढच्या मोठ्या पसाऱ्याकडे ४५५. बेरीज केली तर ८९९ येते आणि त्यांच्या हिशोबात एकूण वेग तर ६३१. दिशा वेगवेगळ्या आहेत म्हणून. स्टेप २ हाताने करा म्हटलं ते यासाठीच.

याच टलींच्या टीमने २०१४ मध्ये ८ हजारांवर गॅलेक्सींच्या वेगांवरून आपल्या सुपरक्लस्टरची हद्द काढून त्याला लॅनिआकिया हे नाव दिलं, ५२ कोटी प्रकाशवर्षं रुंद. इथे आपल्या भागातलं उदाहरण तंतोतंत बसतं. अजिंठ्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस उत्तरेला उतरला तर वाघूरमधून तापीला आणि तिकडून अरबी समुद्राला, दक्षिणेला उतरला तर गोदावरीत आणि बंगालच्या उपसागराला. डोंगराची धार म्हणजे खोऱ्याची हद्द. लॅनिआकियाची हद्द अशीच ठरवलीय, ज्या गॅलेक्सींचा ओघ आपल्या बाजूला उतरतो त्या आत, ज्यांचा शॅपलीकडे किंवा ययाति-मीनकडे त्या बाहेर. २०२४ मध्ये जवळपास ५६ हजार गॅलेक्सींच्या डेटावर परत बघितलं तर असंही दिसतंय की आपलं खोरं कदाचित शॅपलीच्याच मोठ्या खोऱ्याचा भाग असेल. पण पाणी शेवटी समुद्राला मिळतं तशा या सगळ्या गॅलेक्सी एका जागी जमणार नाहीत, विश्वाचं पसरणं त्यातल्या बहुतेकांना आधीच लांब नेईल.

स्टेप ६: आकाशात दाखवा

घरच्यांना एक्सेल दाखवून कोणी खूश होत नाही, म्हणून हे. एप्रिलच्या शेवटी रात्री ९ वाजता दक्षिणेकडे तोंड करा. डोक्याच्या जरा खाली सिंह. मघा आणि उत्तरा फाल्गुनी जोडणाऱ्या रेषेच्या मधोमध, हात लांब करून दोन मुठी खाली या, चषक तारकासमूहाची कड, सूर्य तिकडे चाललाय ३७० ने. आणखी दोन मुठी खाली, किंचित उजवीकडे, तिकडे लोकल ग्रुप चाललाय ६२० ने. तिथे डोळ्याला काही खास दिसत नाही, तेच खरं आहे.

साडेअकराच्या सुमारास चित्रा दक्षिणेला येते, तिच्या सरळ दोन मुठी खाली शॅपलीची दिशा. नॉर्मासाठी जरा कष्ट आहेत. मित्र तारा आपल्याकडून जास्तीत जास्त ८ अंश वर येतो, नॉर्मा समूह त्याच उंचीवरून साधारण दीड तासाने जातो, म्हणजे रात्री दोनला. मे महिन्याच्या धुळीत तो भाग गढूळच असतो. तोरणमाळ किंवा सातपुड्यात पालकडे गेलात तर दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा दिवसाच बघून ठेवा आणि स्टेलॅरियम ॲप आधीच डाऊनलोड करा, तिकडे रेंजचा भरवसा नाही. चाळीसगावकडचे पाटणादेवी म्हणतील, पण ते अभयारण्यात आहे, रात्री थांबायचं तर वनखात्याची परवानगी आधी बघा. दिवसा मात्र जाऊन याच, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा १२०७ चा शिलालेख तिथलाच. साइनचे कोष्टक ज्यांनी बसवले त्यांच्या दारात आपण एक्सेलमध्ये साइन टाकतोय.

स्टेप ७: भांडण कुठे चालूय ते माहीत असू द्या

आतापर्यंतचं वाचून वाटेल सगळं जुळलंय. नाही जुळलेलं. किती लांबपर्यंतचा माल धरला की ६२० पूर्ण होतो यावर अजून एकमत नाही, काहींचं उत्तर जवळच थांबतं, काहींना शॅपली आणि त्याच्या पुढचं पण धरावं लागतं.

आणि एक वेगळी परीक्षा आहे, १९८४ मध्ये एलिस आणि बाल्डविन यांनी सुचवलेली. आपण खरंच ३७० ने चाललो असू तर पुढच्या बाजूला लांबच्या क्वेसारांची (अतिशय ठळक गॅलेक्सी-केंद्रांची) संख्या थोडी जास्त दिसली पाहिजे आणि मागे थोडी कमी. ही मोजणी गुरुत्वाकर्षणावर नाही तर फक्त आपल्या वेगावर चालते, त्यामुळे सीएमबीशी जुळायलाच पाहिजे. २०२१ मध्ये १३.६ लाख क्वेसारांवर ती करून बघितली, दिशा साधारण बरोबर आली पण फरकाचा आकडा अपेक्षेच्या दुपटीहून जास्त. डेटात काही खोट आहे का सीएमबीचा डायपोल पूर्णपणे वेगामुळे आहे हे गृहीतच तपासायला पाहिजे, यावर वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर आधी डेटावरच संशय घ्यावा, आकाशाच्या वेगवेगळ्या भागात सर्व्हेची नजर सारखी तीक्ष्ण नसते, पण हे मत आहे, पुरावा नाही.

हे पण स्वतः करायचं असेल तर एक्सेल सोडावं लागेल, त्यात १० लाख ४८ हजार ओळींच्या पुढे जागाच नाही. पायथॉन शिकून घ्या, वरची तीन सूत्रं त्यात पाच ओळींत बसतात.